दाराबाहेरचे आईवडील

२०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे ‘जीबीएस’चे, रुग्ण वाढू लागले. पिंपरी-चिंचवडच्या रुग्णांवर ‘वायसीएम’मध्ये मोफत उपचार होतील, असे जाहीर झाले. रहाटणीत आमच्या सोसायटीच्या फलकावर पाणी उकळून पिण्याची सूचना लागली. ती वाचताना मला २०१९ सालचे १९ दिवस आठवले. तेव्हा माझा मुलगा दहावीत होता आणि त्याला हाच आजार झाला होता.

जीबीएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. लुळेपणा पायांतून वर चढतो. तो श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचला, तर व्हेंटिलेटर लागतो. मन मात्र जागे असते. मुलगा १५ वर्षांचा होता आणि त्या खासगी रुग्णालयातला बालविभाग १२ वर्षांपर्यंतच होता. त्यामुळे त्याला मोठ्यांच्या अतिदक्षता विभागात खाट मिळाली. आम्हाला सकाळ-संध्याकाळ १०-१० मिनिटे भेट. बाकीचा दिवस आम्ही दोघे बाहेर चटईवर. जंतुसंसर्गाची भीती खरीच होती, पण हे दार मुळात कधी बंद झाले, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. नंतर मी तो शोधत गेले.

शोध कोपनहेगनला पोहोचला. १९५२ साली तिथल्या ब्लेगदाम रुग्णालयात पोलिओची मोठी साथ आली. पहिल्या तीन आठवड्यांत श्वास किंवा गिळणे बंद पडलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. २७ ऑगस्टला भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सल्ल्याने १२ वर्षांच्या एका मुलीच्या घशाला छिद्र पाडून नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. मग सुमारे १,५०० विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्महिने रुग्णांच्या उशाशी बसले आणि पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचे प्रमाण निम्म्यावर आले. पुढल्याच वर्षी इब्सेन यांनी त्याच शहरात अतिदक्षता विभाग सुरू केला.

म्हणजे या विभागाचा जन्मच उशाशी बसलेल्या माणसातून झाला. पुढे पिशवी दाबण्याचे काम यंत्राने घेतले आणि ते माणूस उठले.

योगायोग असा, की त्याच १९५२ साली इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवरचा माहितीपट दाखवला. तेव्हा तिथे आईबापांची भेट मोजूनमापून मिळे. १९५९च्या प्लॅट अहवालाने मुलांच्या वॉर्डांत पालकांना मोकळा प्रवेश द्यावा, अशी शिफारस केली. पण रॉबर्टसन यांचा मुद्दा लहानग्यांचा होता. मिसरूड फुटू लागलेल्या मुलाला आईची गरज असते, हे कोणी कशाला लिहील? तो स्वतःही ते कबूल करत नाही.

घरी आल्यावर माझ्या मुलाने दोन महिने त्या दिवसांबद्दल काही सांगितले नाही. मग एका रात्री म्हणाला, “आई, तू गावाला का गेली होतीस?” औषधांच्या गुंगीत त्याची तशी खात्रीच झाली होती. मी तीस पावलांवर होते. शेजारच्या खाटेवरचे आजोबा गेले तेव्हाची धावपळ मात्र त्याने खरीच ऐकली होती. खरे कोणते आणि भास कोणता, हे त्याला एकट्याला उलगडत नव्हते.

अतिदक्षतेनंतर उरणाऱ्या अशा त्रासाला वैद्यकशास्त्राने २०१२ साली स्वतंत्र नाव दिले. त्यात रुग्णाबरोबर घरच्यांचाही विचार आहे. डेन्मार्कमधल्या परिचारिकांनी मात्र १९८०च्या दशकापासूनच रुग्णाच्या खाटेशी वही ठेवायला सुरुवात केली होती. आज काय झाले, कोण भेटायला आले, हे त्या साध्या शब्दांत लिहीत. बरा झालेला रुग्ण हरवलेले दिवस त्या वहीत शोधतो.

आमच्याकडे वही नव्हती. औषधांच्या दुकानातली बिले होती, प्रत्येकावर तारीख आणि वेळ. ती पलंगावर पसरून आम्ही दोघांनी १९ दिवस क्रमाने लावले. पहाटे ३ वाजून १० मिनिटांचे एक बिल त्याने बराच वेळ हातात धरले.

“म्हणजे तेव्हा तू खालीच होतीस.”

“खालीच होते.”

ते बिल त्याने स्वतःच्या पाकिटात ठेवले. वॉर्डाच्या दाराशी एक वही ठेवायला कितीसा खर्च येतो?