लुइझियाना विज्ञान शिक्षण कायदा आणि त्याच्या निरसनाचा वाद

अमेरिकेतील लुइझियाना राज्याने २००८ मध्ये केलेला, सरकारी शाळांतील विज्ञानाच्या अध्यापनाविषयीचा कायदा. उत्क्रांती, जीवसृष्टीचा उगम, जागतिक तापमानवाढ, मानवी क्लोनिंग अशा विषयांची विद्यार्थ्यांनी चिकित्सा करावी, म्हणून नेमलेल्या पाठ्यपुस्तकाच्या जोडीला पूरक साहित्य वर्गात वापरण्याची मुभा तो शिक्षकांना देतो. तो रद्द करण्यासाठी २०११ पासून सलग पाच वर्षे विधेयके मांडली गेली. सगळी सिनेटच्या शिक्षण समितीतच अडली.

कायद्याचा मजकूर वाचला तर बोट ठेवण्याजोगे फारसे काही सापडत नाही, आणि वाद चिघळण्याचे कारणही तेच आहे. चिकित्सेला नको कोण म्हणेल? या कायद्यातून कोणत्याही धर्ममताचा पुरस्कार होतो असा अर्थ काढू नये, असे कलमही त्यात आहे. मग एवढ्या मोठ्या विज्ञानातून नेमके हेच विषय नाव घेऊन का सांगितले? अणुरचना किंवा गुरुत्वाकर्षण का नाही? याचे उत्तर कायद्यात नाही, राज्याच्या इतिहासात आहे.

उत्क्रांती शिकवायची असेल तर सृष्टी ईश्वराने निर्माण केली हे मत, म्हणजे निर्मितिवादही, ‘विज्ञान’ म्हणून तितक्याच बरोबरीने शिकवावे, असा कायदा लुइझियानाने १९८१ मध्ये केला होता. ‘एडवर्ड्स विरुद्ध अगिलार्ड’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये तो ७ विरुद्ध २ मतांनी घटनाबाह्य ठरवला. कायद्यामागचा हेतू धार्मिक आहे, असे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी निकालात लिहिले. पुढे २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील डोव्हर खटल्यात, सजीवांमागे कोणा बुद्धिमान रचनाकाराचा हात आहे ही मांडणी विज्ञान नव्हे, असाही निकाल लागला. बायबलमधील निर्मितीकथेचे नाव घेऊन शाळेत शिरण्याचा रस्ता असा बंद झाला. मग उत्क्रांतीच्या विरोधकांनी भाषा बदलली आणि ‘शैक्षणिक स्वातंत्र्य’ हा शब्द पुढे केला. सिएटल येथील डिस्कव्हरी इन्स्टिट्यूटने अशा विधेयकांचा नमुना तयार केला होता. लुइझियाना फॅमिली फोरम या धार्मिक वळणाच्या संघटनेने राज्यात त्यासाठी जोर लावला आणि सिनेटर बेन नेव्हर्स यांनी विधेयक मांडले. सिनेटमध्ये ते एकमताने आणि प्रतिनिधिगृहात ९४ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाले.

सही करणारे गव्हर्नर बॉबी जिंदाल हे पंजाबातून गेलेल्या आईवडिलांचे चिरंजीव आणि ब्राउन विद्यापीठाचे जीवशास्त्राचे पदवीधर. त्यांना आनुवंशिकी शिकवलेल्या प्राध्यापकांनीच नकाराधिकार वापरण्याची विनंती केली होती. तिचा उपयोग झाला नाही.

निरसनाची मोहीम बॅटन रूज येथील झॅक कॉपलिन या शाळकरी मुलाने २०१० मध्ये सुरू केली. न्यू ऑर्लीन्सच्या सिनेटर कॅरन कार्टर पीटरसन यांनी २०११ मध्ये पहिले विधेयक मांडले; समितीने ते ५ विरुद्ध १ मतांनी बाजूला ठेवले. कॉपलिनच्या पाठीशी उभे राहिलेल्या नोबेल मानकऱ्यांची संख्या पुढे ७८ वर गेली. एखाद्या राज्याच्या शालेय कायद्यासाठी इतके नोबेल मानकरी एकत्र येणे हे नवलच. पण समितीतील मते त्यांच्या हाती नव्हती. २०१३ मध्ये फरक ३ विरुद्ध २ इतका कमी झाला. त्या सुनावणीत सिनेटर एल्बर्ट गिलरी यांनी एका मांत्रिकाचा स्वतःला आलेला अनुभव सांगितला आणि कायदा गेला तर अशा ज्ञानाला दार बंद होईल, अशी भीती व्यक्त केली. दुसऱ्या एका सुनावणीत प्रयोगशाळेतील जिवाणूंच्या उत्क्रांतीचे उदाहरण देणाऱ्या शिक्षिकेला, त्या जिवाणूंची माणसे झाली का, असे एका सिनेटरने विचारले. अशा प्रश्नांचे जगभर हसे झाले, पण त्या हशाने समितीत एकही मत वाढले नाही.

समर्थकांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे मात्र नव्हते. कायदा कोणालाही काही शिकवण्याची सक्ती करत नाही, आणि त्याच्या आधारे एखाद्या शिक्षकाने धर्म शिकवल्याचा खटलाही झालेला नाही, मग रद्द कशासाठी, असे ते विचारत. विरोधकांचे उत्तर असे की चिकित्सा शिकवायला शिक्षकाला वेगळा कायदा लागतच नाही. लागते ते राज्याचे संरक्षण, तेही जे एरवी वर्गात आणता येत नाही त्यासाठी. राज्य शिक्षण मंडळाने २००९ मध्ये नियम करताना निर्मितिवादी साहित्याला मनाई करणारा मजकूर मसुद्यातून गाळला, याकडे ते बोट दाखवत. एप्रिल २०१३ मध्ये स्वतः जिंदाल यांनी मुलाखतीत, स्थानिक शाळा मंडळाला निर्मितिवाद शिकवावासा वाटला तर आपली हरकत नाही, असे सांगितले. कायद्याचा खरा अर्थ काय, या वादात यापेक्षा बोलका पुरावा दुसरा नसावा.

कायद्याची झळ राज्याच्या नावालाही बसली. प्राणिशास्त्रज्ञांच्या एका मोठ्या संघटनेने २०११ चे अधिवेशन न्यू ऑर्लीन्सऐवजी सॉल्ट लेक सिटीत भरवले. न्यू ऑर्लीन्सच्या नगरपरिषदेने निरसनाला पाठिंबा दिला, तर ऑर्लीन्स पॅरिशच्या शाळा मंडळाने २०१२ च्या अखेरीस आपल्या शाळांत निर्मितिवाद शिकवण्यास बंदी घातली. पॅरिश म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा घटक.

असे कायदे रद्द होतच नाहीत असे नाही. उत्क्रांती शिकवण्यावर थेट बंदी घालणारा टेनेसी राज्याचा १९२५ चा बटलर कायदा, ज्याखाली डेटन येथे जॉन स्कोप्स यांच्यावर खटला चालला, १९६७ मध्ये रद्द झाला. त्यासाठी ४२ वर्षे लागली. त्याच टेनेसीने २०१२ मध्ये लुइझियानाच्या वळणाचा कायदा केला. गव्हर्नर बिल हॅस्लम यांनी त्यावर सही केली नाही, पण नकाराधिकारही वापरला नाही, त्यामुळे तो सहीविनाच लागू झाला.