हाताखालचा मूषक : हलकेपणाचा इतिहास



आज ज्या उपकरणाविषयीं मी बोलणार आहें तें आपल्यापैकीं पुष्कळांच्या टेबलावर आहे. संगणकाच्या पडद्यावरील बाण हालविण्यासाठीं जी मुठीएवढी वस्तु आपण हातानें फिरवितों, तिला जगभर माउस म्हणतात, आणि मराठीनेंही तोच शब्द आपलासा केला आहे. गणरायाचा मूषक आपल्या धन्याचा भार वाहतो. या मूषकाची गोष्ट उलटी आहे. येथें धनीच मूषकाला वाहतो. दिवसांतून हजारों वेळां हात त्याला ढकलतो, ओढतो, उचलून पुन्हां ठेवतो. तेव्हां त्याचें वजन किती असावें, त्याला तार असावी कीं नसावी, हे प्रश्न इतरांस क्षुल्लक दिसले तरी मनगटाला ते क्षुल्लक वाटत नाहींत.

सावंतवाडी तालुक्यांतील आमचें इन्सुली गांव मुंबई-गोवा महामार्गावर, बांद्याच्या अलीकडे वसलेलें आहे. मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांचें काम गांवच्या घरांतून करणारी तरुण मंडळी २०२० च्या टाळेबंदीपासून कोंकणांतही दिसूं लागली. अशा घरीं प्रश्न पडतो तो असा : माउस एकच घ्यावयाचा आहे, दिवसां सूनबाई त्यावर कचेरीचें काम करणार आणि रात्रीं धाकटा त्यावर खेळणार. तो बिनतारी हवा आणि हलकाही हवा. कोणता घ्यावा? जाहिरातींत या प्रश्नाचीं शंभर उत्तरें सांपडतात आणि प्रत्येक उत्तरांत एखादा मोठा आंकडा असतो. त्या आंकड्यांचा अर्थ लावावयाचा, तर हें उपकरण कोणत्या वाटेनें आपल्या टेबलापर्यंत आलें तें आधीं पाहिलें पाहिजे.

या वंशाचा मूळपुरुष लांकडाचा होता. अमेरिकेंत कॅलिफोर्निया राज्यांतील मेन्लो पार्क येथें स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत डग्लस एंगेलबर्ट हे गृहस्थ काम करीत. तरुणपणीं ते अमेरिकन आरमारांत रडारचे तंत्रज्ञ होते. काचेच्या पडद्यावर उमटणाऱ्या खुणांशीं त्यांचा परिचय तेव्हांपासूनचा. संगणकानें केवळ हिशेब न करतां मनुष्याच्या बुद्धीचा सोबती व्हावें, ही त्यांची तळमळ होती. त्यांच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनीं १९६४ सालीं पहिला नमुना तयार केला. एक लांकडी ठोकळा, त्याच्या पोटाखालीं एकमेकांशीं काटकोनांत बसविलेलीं दोन चाकें आणि वर एक बटण, एवढाच त्याचा संसार. एक चाक आडवी चाल मोजी, दुसरें उभी. मागून निघणारी तार शेपटीसारखी दिसे. परंतु माउस हें नांव प्रथम कोणीं उच्चारलें, हें एंगेलबर्ट यांनाही सांगतां येत नसे. आमच्या सावंतवाडीच्या चितारआळींतील कारागिराला हा ठोकळा परका वाटला नसता. लांकडी खेळण्यांसाठीं पांगाऱ्याचें लांकूड वापरण्याची तेथें जुनी रीत आहे. कारण तें कोरावयास मऊ आणि हाताला हलकें.

पुढें जें घडलें तें आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचें आहे. आपलेंच अपत्य श्रेष्ठ, असें एंगेलबर्ट यांनीं गृहीत धरलें नाहीं. पडद्यावर टेकवावयाची प्रकाशलेखणी, उभी दांडी, टेबलाखालीं गुडघ्यानें हालवावयाची एक युक्ति आणि हा माउस, अशीं निरनिराळीं साधनें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एकाच कामावर माणसांच्या हातीं देऊन पाहिलीं. प्रत्येकाला वेळ किती लागला आणि चुका किती झाल्या, हें मोजलें. सरावलेल्या माणसांच्या हातीं माउस सरस ठरला. मग ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें सुमारें हजार तज्ज्ञांसमोर दीड तासाचें प्रात्यक्षिक झालें, आणि १७ नोव्हेंबर १९७० रोजीं या शोधाचें पेटंट मंजूर झालें. त्यापासून पुढें जो अफाट पैसा निर्माण झाला त्याचा वांटा मात्र एंगेलबर्ट यांच्या पदरीं पडला नाहीं. २०१३ सालीं ते निवर्तले. पैसा नाहीं, पण एक धडा त्यांनीं ठेवून दिला : साधन हातीं घेऊन, प्रत्यक्ष काम करून, मग त्याविषयीं मत द्यावें.

रेडिओ ऐकणाऱ्या जुन्या पिढीला टेलिफुंकेन हें नांव नवें नाहीं. याच जर्मन कंपनीनें त्याच १९६८ च्या ऑक्टोबरांत, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रात्यक्षिकापूर्वी दोन महिने, पोटांत चाकांऐवजीं गोळा असलेलें उपकरण जाहीर केलें होतें. झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रांत गेल्यावर बिल इंग्लिश यांनींही गोळ्याचाच मार्ग धरला. गोळा कोणत्याही दिशेनें सहज लोळतो, हा त्याचा मोठा गुण. तेथें १९७३ सालीं तयार झालेल्या आल्टो या संगणकाला माउस होता; १९८१ सालच्या स्टार या विक्रीच्या संगणकालाही होता. परंतु त्याची किंमत शेंकडों डॉलरांच्या घरांत होती. ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स यांनीं पंधरा डॉलरांच्या आंत बनेल आणि सामान्य टेबलावरही चालेल असा माउस करावयास सांगितलें. त्या कामाचा पहिला ओबडधोबड नमुना अंगाला लावण्याच्या सुगंधी द्रव्याच्या बाटलींतील गोळा आणि लोण्याच्या बशीचें झांकण यांतून झाला, असें तें काम करणारे डीन हॉवी सांगत. १९८३ च्या लिसा आणि १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकांबरोबर माउस सामान्य माणसाच्या हातीं आला.

महाराष्ट्रांत तो घरोघरीं ओळखीचा झाला तो पुष्कळ अंशीं एम. एस.-सी. आय. टी. या अभ्यासक्रमामुळें. २००१ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळानें तो गांवोगांवच्या केंद्रांतून चालविला, आणि शासकीय नोकरांना संगणकाची परीक्षा आवश्यक झाल्यावर आम्हां शिक्षकांचीही तेथें रांग लागली. त्या केंद्रांतून गोळ्याचे माउस पुष्कळ असत. रबर चढविलेला तो गोळा चांगला जड असे, आणि तो जड असणें जरूर होतें. हलका गोळा टेबलावर लोळण्याऐवजीं घसरला असता. परंतु लोळतां लोळतां तो टेबलावरची धूळ आंत नेई, आंतील रुळांवर मळाचीं कडीं चढत आणि बाण अडखळूं लागे. मग गोळा काढून पुसावा, रूळ नखानें खरवडावेत, हा नित्याचा विधि.

या जड गोळ्याची गरज प्रकाशानें संपविली. १९९९ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें इंटेलिमाउस एक्सप्लोरर हा माउस काढला. त्याच्या पोटांत तांबडा दिवा आणि चिमुकला कॅमेरा होता. हा कॅमेरा टेबलाच्या पृष्ठभागाचीं चित्रें सेकंदाला सुमारें दीड हजार वेळां घेई, आणि लागोपाठच्या चित्रांची तुलना करून हात कोठें सरकला तें ओळखी. आतां जडपणाला काम उरलें नाहीं. तरीही माउस एकाएकीं हलके झाले नाहींत. जड तें भक्कम, ही समजूत आपणां सर्वांच्या मनांत खोल रुजलेली आहे. २००५ सालीं लॉजिटेक कंपनीच्या जी ५ या खेळाडूंच्या माउसबरोबर तर लहान लहान वजनांची डबी मिळे. ज्याला आपला माउस आणखी जड हवा असेल त्यानें तीं पोटांत भरावींत!

तारेची कथा निराळी. माझा आवाज ज्या प्रकारच्या लहरींवरून आपणांपर्यंत येतो, त्याच प्रकारच्या लहरी माउसलाही तारेंतून सोडवूं शकतील, हें उघड होतें. आरंभीं, १९८४ च्या सुमारास, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा प्रयोग झाला; पण माउस आणि ग्राहक यांच्यामध्यें एखादें पुस्तक आलें तरी संदेश तुटे. १९९१ सालीं लॉजिटेकनें रेडिओलहरींवर चालणारा माउस विक्रीस आणला आणि ही अडचण दूर झाली. दुसऱ्या दोन मात्र उरल्या. तार गेली तेव्हां तिच्या जागीं सेल आला, म्हणजे ओझें वाढलें. आणि संदेश थोडा उशिरानें पोहोंचूं लागला. कचेरींत हा उशीर जाणवत नसे. खेळाडूला तो जाणवे, म्हणून खेळाडू पुष्कळ वर्षें तारेलाच धरून राहिले.

येथें कोणी म्हणेल कीं, खेळासाठीं एवढा खटाटोप कशाला? परंतु ज्या सावंतवाडीनें एकशेंवीस गोल पानांचा दशावतारी गंजिफा हातानें रंगवून जपला, तिच्या परिसरांत खेळाच्या साधनाला हलकें लेखणें शोभणार नाहीं. २०२३ सालीं हांगझौ येथें झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत संगणकावरील खेळांना पदकें दिलीं गेलीं. हलक्या माउसचा शोध लागला तो याच खेळाडूंच्या आग्रहामुळें. २०१८ सालीं लॉजिटेकनें ८० ग्रॅमांचा बिनतारी माउस काढला. पुढच्याच वर्षीं मधमाश्यांच्या पोळ्यासारखीं भोंकें पाडलेलीं कवचें लोकप्रिय झालीं. २०२० सालीं भोंकांवांचून ६३ ग्रॅमांच्या आंत मजल गेली, आणि २०२४ सालीं रेझर कंपनीचा एक माउस ५४ ग्रॅमांवर आला. पंधरा वर्षांपूर्वी ज्यांत वजनें भरीत, त्यांतूनच आतां एकेक ग्रॅम वेंचून काढूं लागले.

आतां बाजारांतल्या आंकड्यांकडे पाहूं. साधा कचेरीचा माउस आपली जागा संगणकाला सेकंदाला १२५ वेळां कळवितो, म्हणजे दर आठ सहस्रांश सेकंदांनीं एकदां. खेळाडूचा माउस १,००० वेळां कळवितो. कांहीं नवे माउस ८,००० वेळां कळवितात. पहिल्या उडींत सात सहस्रांश सेकंद वांचले; दुसऱ्या उडींत एकसुद्धां वांचला नाहीं. पडद्यावर कांहीं दिसल्यावर बोट दाबावयास माणसालाच सुमारें दोनशें सहस्रांश सेकंद लागतात. म्हणून १,००० हा आंकडा घरच्या खेळाला पुरेसा आहे. त्यापुढील आंकड्यासाठीं पैसे अधिक जातात आणि सेलही लवकर संपतो.

वजनाचा हिशेब करतांना माउस सेलासह कांट्यावर ठेवावा. जाड पेन्सिलसेलानें चालणारा माउस घेतला तर त्या सेलाचेंच वजन सुमारें २३ ग्रॅम भरतें. भारतांत जी ३०४ या नांवानें मिळणारा लॉजिटेकचा माउस सेलासह ९९ ग्रॅमांच्या आसपास आहे. त्यांत लिथियमचा सेल घातला तर सातआठ ग्रॅम कमी होतात. पुन्हां भरतां येणारी बॅटरी आंत बसविलेले कांहीं माउस याहून हलके असतात. मात्र ती बॅटरी कांहीं वर्षांनीं थकते आणि सहज बदलतां येत नाहीं. सेल मात्र गांवच्या दुकानांतही मिळतो.

भोंकांच्या कवचाविषयीं आमच्या कोंकणवासियांनीं विशेष सावध असावें. चार महिने पाऊस, बारा महिने घाम, दमट हवा आणि टेबलावर फिरणाऱ्या मुंग्या, यांना तीं भोंकें उघडीं दारें आहेत. ६० ते ८० ग्रॅमांच्या दरम्यान अखंड कवचाचे माउस आज मिळतात. दोन्ही कामांना ते पुरे आहेत.

कचेरीच्या हाताची गरज थोडी निराळी असते. लांबलचक तक्ते वरखालीं करण्यासाठीं मधलें चाक नेमकें हवें. रात्रीं घर निजलेलें असतां बटणाचा आवाज मंद हवा. ब्लूटूथची सोय असेल तर कचेरीच्या संगणकावर ग्राहकाची खुंटी अडकवावी लागत नाहीं. उलट खेळाला ती खुंटीच बरी, कारण तिचा संदेश लवकर पोहोंचतो. ज्या घरांत एकाच माउसनें दोन्ही कामें करावयाचीं आहेत तेथें दोन्ही सोयी असलेला घ्यावा, हें सर्वांत सरळ.

शेवटीं आकार. सूनबाईंचा पंजा आणि धाकट्याचा पंजा सारखे नसतात. लहान हाताखालीं मोठा माउस आला तर बोटें ताणलीं जातात. मोठ्या हाताखालीं लहान आला तर बोटें आंखडून मनगटावर भार येतो. म्हणून जो हात त्यावर अधिक तास राहणार त्याच्या मापाचा माउस घ्यावा. आणि तो हात बहुधा कमावणाऱ्याचा असतो, खेळणाऱ्याचा नव्हे. त्याबरोबर हेंही खरें कीं, कोपर अधांतरीं आणि मनगट वांकलेलें ठेवून आठ तास बसणाऱ्याचें दुखणें पन्नास ग्रॅमांचा माउसही बरें करणार नाहीं.

लांकडी ठोकळ्यापासून आजपर्यंत साठ वर्षांत या उपकरणांतून चाकें गेलीं, गोळा गेला, तार गेली आणि वजनही गेलें. प्रत्येक वेळीं कांहीं सुख मिळालें आणि त्याबदल्यांत कांहीं द्यावें लागलें. ज्याला काय मिळतें आणि काय द्यावें लागतें हें दोन्ही ठाऊक आहे, त्याला जाहिरात फसवूं शकत नाहीं. सावंतवाडीच्या अथवा पणजीच्या दुकानांत जाल तेव्हां दोघांनाही बरोबर न्या, माउस दोघांच्याही हातीं द्या आणि पांच मिनिटें तो फिरवूं द्या. एंगेलबर्ट यांनीं साठ वर्षांपूर्वी हीच कसोटी लावली होती, आणि तिच्याहून चांगली कसोटी अद्याप कोणी काढलेली नाहीं.