चित्रांतून सांगितलेली जन्मकथा

बिहारात मधुबनी जिल्ह्यात रांटी नावाचे गाव आहे. तेथील दुलारी देवी यांनी आपली जन्मकथा चित्रांतून सांगितली आहे. चेन्नईच्या तारा बुक्स ह्या प्रकाशनाने २०१०-११ च्या सुमारास ती छापली. दुलारीबाईंना सही आणि गावाचे नाव यापलीकडे फारसे लिहिता येत नसे. म्हणून त्यांनी तोंडी सांगितले व गीता वुल्फ यांनी ते शब्दांत मांडले. पुस्तक इंग्रजी आहे. मजकूर मुलीने मला समजावून दिला, चित्रे मात्र माझी मीच वाचली.

ह्या चित्रांचा इतिहास भगिनींना ठाऊक असावा, कारण त्यात आपल्याकडील एका गृहस्थांचा हात आहे. मिथिलेतील बायका पिढ्यान् पिढ्या भिंती रंगवीत. लग्नात वधूवरांच्या खोलीत, जिला तिकडे कोहबर म्हणतात, कमळे, बांबू, मासे, पोपट काढावयाचे. १९६६-६७ साली बिहारात मोठा दुष्काळ पडला. तेव्हा पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना तिकडे धाडले. भिंतीवर काढतात तेच त्यांनी बायकांना कागदावर काढावयास लावले. चित्रे विकली जाऊ लागली, घरांत दाणे आले. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील वारली चित्रे बाहेर आणण्यातही हेच कुलकर्णी होते. पुढे जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली. गंगादेवींनी तर दिल्लीत कर्करोगावर उपचार चालू असता त्या दुखण्याचीच चित्रमाला केली! १९९१ साली त्या वारल्या.

पण कागद प्रथम गेला तो बहुतेक ब्राह्मण-कायस्थांच्या घरी. दुलारीबाई मल्लाह, म्हणजे मासे धरणाऱ्यांपैकी. बारा-तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांची मुलगी गेली, मग माहेरी परत. महासुंदरी देवी ह्या नामांकित चित्रकर्तीच्या घरी त्या झाडलोट, भांडी करीत. तेथील चित्रे पाहावयाची आणि घरी येऊन अंगणात काटकीने रेघा ओढावयाच्या. त्याच घरात पुढे त्या शिकल्या.

केरसुणी हातात आणि लक्ष दुसरीकडे, ही स्थिती मला नवीन नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली. हायस्कूल दुसऱ्या गावी, पाठीवर तीन भावंडे. ती धडे म्हणत आणि मी भाकऱ्या थापीत ऐके. भूगोलाचे कितीतरी धडे मला असेच पाठ झाले. अर्थात सारखेपणा फार ताणू नये. दुलारीबाई परक्या घरी पोटासाठी राबल्या, मी आपल्याच घरी. त्यांच्यावर जातीचा भार होता, तो माझ्यावर तसा नाही. काम मात्र तेच. जनगणनेत नुसते घरकाम करणारीला काम न करणाऱ्यांत धरतात. २०११ च्या गणतीला दारात सासूबाईंनी ‘‘ती काही करीत नाही, घरीच असते’’ असे सांगितले. माझे दोन्ही हात तेव्हा पिठाने भरलेले होते.

दुलारीबाईंना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांचे पुस्तक पाहिल्यापासून मी एका वहीत चित्रे काढू लागले आहे. पहिले पान पोळपाटाचे आहे. पोळी काही गोल आलेली नाही. वही मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. ज्या भगिनींना त्यात आपले पान घालावयाचे असेल त्यांनी बुधवारी दुपारी यावे, पेन्सिली मी आणीन.