दिनविशेष : ६ सप्टेंबर १९६५ – कैद्याच्या हस्तलिखिताचा हक्क

महाडच्या चवदार तळ्याचे पाणी वापरण्याचा दलितांचा हक्क १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कायम केला. हक्काला न्यायालयाचे उघडे दार लागते, हे महाड-पोलादपूरला वेगळे सांगायला नको. तुरुंगातल्या माणसासाठी ते दार किती उघडे, हे सर्वोच्च न्यायालयाने आजच्या दिवशी ठरवले. स्थानबद्ध प्रभाकर संझगिरी यांनी मुंबईच्या तुरुंगात ‘अणूच्या अंतरंगात’ हे पुस्तक लिहिले. सरकारने हस्तलिखित बाहेर जाऊ दिले नाही. तेव्हा लागू असलेल्या आणीबाणीत दाद मागण्याचा हक्कच स्थगित आहे आणि स्थानबद्धाला नियमांतल्या सवलतींपलीकडे काही नाही, हा सरकारचा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला. स्थगितीचे संरक्षण कायद्याला धरून केलेल्या कृतीलाच मिळते. पुस्तक छापायला पाठवण्यावर नियमांत बंदीच नव्हती.

युद्धात सुरक्षा आधी, हा आक्षेप पोकळ नाही. त्याच दिवशी भारतीय सैन्य लाहोर आघाडीवर उतरले होते. पण विज्ञानाच्या पुस्तकाने संरक्षणाला बाधा येत नाही, हे पारखायलाही न्यायालयच लागले. १९७६ मध्ये, नंतरच्या आणीबाणीत, सर्वोच्च न्यायालयाच्याच निकालाने स्थानबद्धांसाठी हे दार बंद झाले. ती चूक ४४व्या घटनादुरुस्तीने पुढे सुधारावी लागली. दाद मागण्याला शिस्त लावता येते, कुलूप नव्हे.