बी. प्रभा आणि त्यांच्या न हसणाऱ्या बायका

हुसेन, रझा ही नावं आपण सगळेच ऐकून असतो. बी. प्रभा म्हटलं की मात्र गाडी अडते!

नागपूरजवळच्या बेला गावी १९३३ साली जन्म. आधी नागपुरात चित्रकला शिकल्या, मग मुंबईला जे. जे. मध्ये. शिकत असतानाच भरवलेल्या प्रदर्शनात त्यांची तीन चित्रं चक्क होमी भाभांनी विकत घेतली. १९५६ मध्ये शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी लग्न झालं. त्याच वर्षी एअर इंडियाने त्यांची सहा चित्रं घेतली, साधारण ८७ रुपयांना एक! पुढे हजारोंवर गेलेल्या एअर इंडियाच्या चित्रसंग्रहाची ही सुरुवात.

सुरुवातीला प्रभाताई अमूर्त चित्रं काढायच्या. नंतर मात्र त्या माणसांकडे वळल्या. कोळणी, टोपलीवाल्या, दुष्काळात होरपळलेल्या बायका. लांब मान, शिडशिडीत बांधा, गंभीर चेहरा.

गंमत अशी की बघणाऱ्याला त्यांचा डौल दिसतो, टोपलीचं वजन नाही. आमच्या मोशीत पुणे-नाशिक रस्त्यावर गाडीच्या काचेतून भाजीवाली दिसते ना, अगदी तसंच.

२००१ मध्ये त्या गेल्या. एअर इंडिया २०२२ मध्ये टाटांकडे गेली, पण चित्रं सरकारकडेच राहिली. २०२३ मध्ये ती राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाला मिळाली. म्हणजे आता आपलीच की! कधी समोर आली तर रंग बघून झाल्यावर मिनिटभर चेहऱ्याकडेही बघा.