पेल्याचें मोल कोणीं दिलें?

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहीं जणांना नवल वाटेल. सारें आयुष्य शाळेंत घालविलेल्या आणि मद्याचा थेंबहि न चाखलेल्या मास्तरानें द्राक्षमद्याच्या परीक्षकांविषयीं काय बोलावें? पण मला मद्याविषयीं बोलावयाचें नाहीं, परीक्षकाविषयीं बोलावयाचें आहे; आणि गुण देणें हा माझाहि धंदा होता.

फ्रान्सांतील बोर्दो प्रांताच्या मद्यांची सर्वांत नांवाजलेली वर्गवारी १८५५ सालची. पॅरिसच्या प्रदर्शनासाठीं तेथील तांबड्या मद्याच्या निवडक मळ्यांचे पांच वर्ग पाडण्यांत आले. हें काम कोणीं केलें? चाखणाऱ्या पंडितांनीं नव्हे, तर बोर्दोच्या दलालांनीं. आणि तेंहि ज्या मळ्याला बाजारांत जो भाव मिळत आला होता त्यावरून. ही वर्गवारी अजून चालू आहे. १९७३ सालीं एका मळ्याला दुसऱ्या वर्गांतून पहिल्या वर्गांत चढविलें, एवढाच काय तो मोठा बदल. इतकीं वर्षें एकाच इयत्तेंत बसलेला विद्यार्थी माझ्या तरी पाहण्यांत नाहीं!

इंग्लंडांत लिहिणारा आणि विकणारा हे पुष्कळदां एकच असत. आंद्रे सिमों हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतले मोठे मद्यलेखक; ते लंडनमध्यें पॉमरी या शॅम्पेनच्या पेढीचे प्रतिनिधि होते. मायकेल ब्रॉडबेंट १९६६ पासून ख्रिस्टी या लिलांवाच्या पेढींत मद्याचा विभाग चालवीत आणि मद्यावर लिहीतहि असत. अशांना लबाड म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. गुळाची प्रत अडत्याइतकी कोणाला कळते? शिवाय अडत्या हा अडत्या आहे, हें गिऱ्हाइकाला ठाऊक असतें. खरी अडचण लिहिणारा जेव्हां मी तुमचा, वाचकांचा, म्हणून सांगूं लागतो तेव्हांच सुरू होते.

तसें सांगणारे जे गृहस्थ पुढें आले, त्यांचें नांव रॉबर्ट पार्कर. बाल्टिमोर येथें बँकेच्या नोकरींत असलेले हे वकील. ग्राहकांच्या वतीनें मोटारींच्या कारखानदारांना जाब विचारणाऱ्या राल्फ नेडर यांचें उदाहरण त्यांच्यापुढें होतें. १९७८ सालीं त्यांनीं एक पत्रक काढलें. तेंच पुढें ‘वाइन अ‍ॅडव्होकेट’ म्हणून जगभर गाजलें. त्यांत जाहिरात घ्यावयाची नाहीं, वर्गणीदारांच्या पैशावरच तें चालवावयाचें, बाटल्या शक्य तों स्वतः विकत घ्यावयाच्या, प्रवासाचा खर्च आपला आपण करावयाचा, असा त्यांचा बाणा होता. गुण शंभरांपैकीं देत, पण ते ५० पासून सुरू होत. म्हणजे कोरी उत्तरपत्रिका दिली तरी अर्धे गुण ठेवलेलेच! अमेरिकन शाळांवरून ही पद्धत त्यांनीं उचलली होती. आमच्या मंडळाला ती सुचली असती, तर किती घरांतले जूनमधले अश्रु वांचले असते!

१९८२ च्या बोर्दो हंगामाविषयीं कांहीं नामांकित परीक्षक कुरकुरत असतां पार्कर यांनीं त्याची मुक्तकंठानें स्तुति केली, आणि पुढें बाजारानेंहि ती मान्य केली. तेव्हांपासून त्यांच्या आंकड्यांवर मळेवाल्यांचें नशीब डोलूं लागलें. ऑरेगन संस्थानांत मेहुण्याच्या भागींत त्यांचा स्वतःचा एक मळा होता. त्याच्या मद्याला मात्र त्यांनीं कधीं गुण दिले नाहींत. आपलाच मुलगा वर्गांत असला तर मास्तरानें काय करावें, याचें उत्तर त्यांना ठाऊक होतें.

परंतु सर्वच परीक्षक पार्कर यांच्यासारखे पदरमोड करणारे नव्हते. बक्षीस देणाऱ्यालाच फी भरावयाची, अशीहि एक रीत चालू होती. ‘वाइन स्पेक्टेटर’ हें अमेरिकन मासिक १९८१ पासून उपाहारगृहांना त्यांच्या मद्याच्या यादीबद्दल पारितोषिकें देत आलें आहे. २००८ सालीं रॉबिन गोल्डस्टीन नांवाच्या लेखकानें या रीतीची परीक्षा पाहण्याचें ठरविलें. त्यानें इटलींतील मिलान शहरांत एक उपाहारगृह काढलें. म्हणजे काढलें असें भासविलें. नांव ठेविलें ‘ओस्तेरिया लिंत्रेपिदो’. आपल्या भाषेंत ‘निर्भय खाणावळ’. इमारत नाहीं, चूल नाहीं, आचारी नाहीं. इंटरनेटवर एक पान, दूरध्वनीचा एक क्रमांक, पदार्थांची यादी आणि मद्यांची यादी, एवढाच संसार. अर्ज पाठविला, २५० डॉलर फी भरली, आणि पारितोषिक मिळालें! त्यांतली खोंच पुढेंच आहे. ‘आमचीं राखीव उंची मद्यें’ म्हणून त्यानें जी छोटी यादी जोडली होती, तींत त्याच मासिकानें पूर्वीं झोडपून काढलेलीं मद्यें निवडून घातलीं होतीं. त्यांतल्या एकाला तर रंग पातळ करण्याच्या द्रवाची चव आहे, असा अभिप्राय त्या मासिकानेंच छापला होता. निवड झाल्याचा निरोप दूरध्वनीवर आला, त्यांतच पुढील अंकांत जाहिरात द्याल काय, अशीहि विचारणा होती, असें गोल्डस्टीन सांगतो.

मासिकाच्या संपादकांची बाजूहि ऐकली पाहिजे. त्यांचें म्हणणें असें कीं, आम्हीं दूरध्वनि केला होता, पण यंत्रच उत्तर देत होतें. मुख्य यादींत अडीचशेंवर मद्यें होतीं व त्यांतलीं बहुतेक चांगलीं होतीं. शिवाय तेथें जेवून आल्याच्या लोकांच्या हकीकतीहि इंटरनेटवर वाचावयास मिळाल्या होत्या. हे जेवून आलेले लोक अर्थात् बनावट होते. येथें मला गोल्डस्टीनचाहि कान धरावासा वाटतो. कॉपी पकडण्यासाठीं मास्तरानेंच बनावट उत्तरपत्रिका लिहावी काय, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाहीं. तरी एक गोष्ट उरतेच: फी घेणाऱ्यानें खाणावळीचें दार उघडून पाहिलें नव्हतें.

पुढल्याच वर्षीं, २००९ च्या वसंतऋतूंत, पार्कर यांच्याच दाराशीं प्रश्न येऊन उभा राहिला. आणि तो विचारला कोणीं? मोठ्या वृत्तपत्रानें नव्हे, तर इंटरनेटवर स्वतःचें पान चालविणाऱ्या, ज्याला ब्लॉग म्हणतात तसें लिहिणाऱ्या, एका अभ्यासकानें. पार्कर यांच्या एका सहकाऱ्याचा अर्जेंटिना व ऑस्ट्रेलिया येथील प्रवास त्या त्या देशांतील मद्यधंद्याच्या संस्थांच्या खर्चानें झाला होता. वीस गुणांची लांच कोणी घेतली, असें कोणी म्हटलें नाहीं. पण ‘स्वतःच्या खर्चानें’ हें जें वचन वर्गणीदारांना मिळालें होतें, तें एकट्या पार्कर यांचें कीं त्यांच्या पत्रकाचें? पार्कर आरंभीं प्रश्न करणाऱ्यांवरच संतापले. मे महिन्यांत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नें तें प्रकरण हातीं घेतलें, आणि मग सहकाऱ्यांसाठींहि नियम कडक झाले. मला या संतापाचें दुःख वाटतें. ज्या माणसानें तीस वर्षें स्वतः खर्च सोसला, त्याला हा प्रश्न इतरांनीं विचारण्यापूर्वींच सुचावयास हवा होता.

प्रश्न विचारणारे तरी कोठें कोरडे होते? इंटरनेटवर लिहिणाऱ्यांच्या घरींहि नमुन्याच्या बाटल्या फुकट येऊं लागल्या होत्या, आमंत्रणें येऊं लागलीं होतीं. त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें अमेरिकेच्या व्यापार-आयोगानें जाहीर केलें कीं, वस्तु फुकट मिळाली असेल किंवा पैसे मिळाले असतील, तर लिहिणाऱ्यानें तें वाचकाला सांगितलें पाहिजे. १ डिसेंबर २००९ पासून हें लागू झालें. बातमी वाचली तेव्हां मला आपलीं जुनीं मराठी मासिकें आठवलीं. शेवटच्या पानांवर बारीक टाइपांत पुस्तकांचीं नांवें आणि वर दोनच शब्द असत: ‘साभार पोंच’. पुस्तक प्रकाशकानें पाठविलें आहे, आम्हीं तें विकत घेतलेलें नाहीं, हें त्या दोन शब्दांनीं वाचकाला कळे.

पार्कर २०१९ सालीं निवृत्त झाले. त्याच वर्षीं त्यांचें पत्रक मिशेलिन या मोटारीच्या टायरांच्या फ्रेंच कंपनीनें पूर्णपणें विकत घेतलें. या कंपनीचे उपाहारगृहांचे परीक्षक नांव न सांगतां जेवतात, आणि उठतांना बिल चुकतें करतात.