मंदगतीतील अस्थैर्य, जुन्या मोटारीचे

मंदगतीतील अस्थैर्य, जुन्या मोटारीचे : मोटार उभी असून अ‍ॅक्सिलरेटरवर पायाचा दाब नसताना एंजिनाने ज्या किमान वेगाने अखंड फिरत राहावयाचे, त्या वेगात चढउतार होणे, ठरावीक अंतराने धक्का बसणे अथवा एंजिन फिरता फिरता बंद पडणे, या दोषास ही संज्ञा लावतात. गॅरेजांतून हाच दोष ‘गाडी स्लो धरत नाही’ किंवा ‘मिसिंग मारते’ अशा शब्दांत सांगितला जातो. हे दोन शब्दप्रयोग निदानास उपयुक्त आहेत. कारण पहिल्याचा रोख बहुधा सर्व सिलिंडरांना सामाईक असणाऱ्या बिघाडाकडे असतो, तर दुसऱ्याचा एखाद्याच सिलिंडराच्या कसुरीकडे. प्रस्तुत नोंद कार्ब्युरेटर असलेल्या पेट्रोल मोटारींविषयी आहे. मुंबईत कुर्ला येथील प्रीमियर कारखान्यात तयार झालेली १,०८९ घ.सेंमी. क्षमतेची, चार सिलिंडरांची पद्मिनी आणि डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आलेली ७९६ घ.सेंमी. क्षमतेची, तीन सिलिंडरांची मारुती ८०० ही या वर्गाची परिचित उदाहरणे होत.

कारणमीमांसा : मंदगतीत थ्रॉटलची पाकळी जवळजवळ मिटलेली असते, सिलिंडरात येणारे मिश्रण अल्प असते आणि मागील ज्वलनाचे उरलेले वायू त्यात मिसळल्यामुळे ते पेटावयास मुळातच जड जाते, शिवाय या वेळी पेट्रोल मुख्य जेटमधून न येता स्लो जेटच्या अतिसूक्ष्म छिद्रातून येते. म्हणूनच भरधाव धावताना जिचा मागमूसही लागत नाही अशी उणीव गाडी चौकात थांबताच उघडी पडते. चार सिलिंडरांचे एंजिन मिनिटास ७५० फेरे घेत असता प्रत्येक सिलिंडर ३७५ वेळा, म्हणजे सेकंदास सहा वेळांहून थोडा अधिक पेटतो. त्यांतील एक मुका झाला की तितक्याच वेळा झटका बसतो, आणि बॉनेटवर तळहात ठेवला असता त्या कंपाची नियमितता सहज ध्यानी येते. तीन सिलिंडरांच्या एंजिनात तर एका सिलिंडराच्या मौनाने एकतृतीयांश शक्तीच नाहीशी होते.

निदानाचा क्रम : प्रथम एंजिन पुरते तापू द्यावे व चोक पूर्ण उघडल्याची खात्री करावी. सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरली असता ती सारख्या ठोक्यांनी बाहेर फडफडली पाहिजे. मधूनमधून ती आत ओढली गेल्यास एग्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याचा संशय घ्यावा. हे सर्व काम मोकळ्या हवेत करावे. बंद जागेत साचणारा कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो.

दोष एकाच सिलिंडरात असेल, तर एंजिन थांबवून एका वेळी एका प्लगची वायर काढावी, तिचे टोक चिमट्याने ब्लॉकला जोडून एंजिन पुन्हा चालू करावे व प्रत्येक वेळी फरक पाहावा. ज्याची वायर काढल्याने आवाज मुळीच बदलत नाही, तोच सिलिंडर निकामी. त्याचा प्लग बाहेर काढला म्हणजे निम्मा पुरावा हाती येतो : फिकट तपकिरी टोक आरोग्याचे लक्षण, कोरडी काळी काजळी अतिरिक्त पेट्रोलाचे, तेलकट ओल झिजलेल्या रिंगांचे अथवा व्हॉल्व्ह गाइडचे, आणि पांढुरके टोक पेट्रोलाच्या तुटवड्याचे. यानंतर डिस्ट्रिब्यूटरची टोपी उघडून तिच्यातील तडे पाहावेत. कॉन्टॅक्ट पॉइंटमधील अंतर फीलर गेजने मोजावे. अनेक जुन्या मोटारींत ते ०.४ ते ०.५ मिमी. इतके असते, निश्चित आकडा त्या त्या मोटारीच्या पुस्तिकेतून घ्यावा.

ठिणगी निर्दोष ठरल्यावर ‘हवा ओढणे’ तपासावे. कार्ब्युरेटरच्या पायाचे गॅस्केट, इनटेक मॅनिफोल्डचे सांधे, ब्रेक बूस्टर असल्यास त्याची नळी आणि जीर्ण झालेले रबरी होज यांतून शिरणारी चोरटी हवा मिश्रण पातळ करते. साबणाचे पाणी ब्रशाने सांध्यावर लावताच एंजिनाचा आवाज क्षणभर बदलला, तर गळती तेथेच आहे. या कामासाठी तापलेल्या एंजिनावर पेट्रोल शिंपडण्याची पद्धत आगीस आमंत्रण देणारी असून सर्वथा त्याज्य होय.

त्यानंतरच कार्ब्युरेटर उघडावा. स्लो जेट हवेच्या दाबाने साफ करावा, त्यात तार घालू नये. तारेने छिद्र मोठे होते व दोष कायमचा होऊन बसतो. फ्लोट व नीडल व्हॉल्व्ह तपासावेत. एवढ्यानेही गुण न आल्यास कॉम्प्रेशन मोजावे. एका सिलिंडरचा दाब इतरांहून बराच कमी भरल्यास त्यात चमचाभर एंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावा : दाब वाढला तर रिंगा झिजल्या, न वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह अथवा टॅपेटचा दोष, शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकाच वेळी उतरला असेल, तर हेड गॅस्केट त्या दोहोंच्या मध्ये जळले असण्याचा संभव असतो.

कारंजा लाड येथील परिस्थिती : स्थानिक परिस्थितीचा या दोषाशी कसा संबंध येतो याचे उदाहरण म्हणून वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड हे तालुक्याचे गाव घेता येईल. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, त्यापूर्वी या तालुक्याच्या मोटारींची नोंदणी अकोल्याच्या दप्तरी होत असे. गावातील एखाद्या जुन्या मोटारीवर वाशीमच्या एम.एच. ३७ ऐवजी अकोल्याचा एम.एच. ३० हा क्रमांक दिसला, तर ती कार्ब्युरेटरच्या काळातील असण्याचा तर्क करण्यास त्यामुळे आधार मिळतो. १८८६ मध्ये नियंत्रित कापूस बाजार स्थापन झालेल्या या गावी कापसाच्या हंगामात रुईचे तंतू हवेत तरंगतात आणि काळ्या मातीची धूळ तर बारमाही असते. एअर फिल्टर तुंबला की मिश्रण दाट होते व एंजिन काजळी धरते. उलट, वैशाखात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर उभ्या मोटारीच्या कार्ब्युरेटरात पेट्रोल उकळू लागते, पेट्रोलच्या नळीत वाफ अडते आणि गरम एंजिन स्लो धरीनासे होते. टाकीतील पेट्रोल कार्ब्युरेटरकडे ढकलणाऱ्या ‘एसी पंपा’वर ओला फडका ठेवण्याचा चालकांचा जुना इलाज याच कारणास्तव गुणकारी ठरतो. अलीकडे मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलात ऑक्सिजनचा अंश असल्याने जुन्या जेटमधून तयार होणारे मिश्रण काहीसे पातळ पडते. इथेनॉल जुन्या रबरासही मानवत नाही. यास्तव होज, डायफ्राम व गॅस्केट यांची तपासणी आता अधिक वेळा करावी लागते.

प्रदूषण-तपासणीचा उपयोग : पी.यू.सी. दाखल्यासाठी अशा जुन्या पेट्रोल मोटारीचा धूर मंदगतीतच तपासला जातो. भारत स्टेज २ पूर्वीच्या चारचाकी मोटारींस कार्बन मोनॉक्साइडची ३ टक्के व हायड्रोकार्बनची दशलक्षात १,५०० भाग ही मर्यादा आहे. पहिला आकडा चढल्यास मिश्रण दाट असते. पहिला कमी असून दुसराच चढल्यास पेट्रोल न जळता बाहेर पडत असल्याचे, म्हणजे मिसिंगचे, ते लक्षण होय. हा छापील कागद गाडीत ठेवून देण्यापूर्वी वाचला, तर तो मोटारधारकास निदानाचा आयता दस्तऐवज ठरतो.

निष्कर्ष : मोटार थरथरू लागताच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन स्लोचा स्क्रू आवळण्याची सवय सर्वत्र आढळते. त्याने वेग वाढतो, थरथर झाकली जाते, पेट्रोलचा खर्च चढतो आणि मूळ दोष तसाच वाढत राहतो. ठिणगी, हवा, पेट्रोल व कॉम्प्रेशन यांची रुजुवात झाल्याखेरीज त्या स्क्रूस हात लावू नये. आणि एंजिन उत्तम चालत असतानाच प्लगचा रंग, पॉइंटचे अंतर, कॉम्प्रेशन व मंदगतीचे फेरे एका वहीत तारखेनिशी टिपून ठेवावेत, म्हणजे पुढे मोटार बिघडेल तेव्हा ताडून पाहण्यास तिचाच जुना आकडा हाताशी असेल.